बान्यूल्सला जायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी तुलूझला राहते. उन्हाळा आला की नाशिक-पुण्याकडचं कुणी ना कुणी येतं आणि पॅरिस पाहून झाल्यावर ‘आता पुढे काय?’ म्हणून माझ्याकडे बघतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: बान्यूल्स-स्यूर-मेर. मग व्हॉट्सअॅपवर प्रश्न सुरू होतात आणि दरवर्षी तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

हे गाव आहे तरी कुठे?

फ्रान्सचा भूमध्य समुद्राचा किनारा स्पेनकडे जाऊन जिथे संपतो, तिथे. पिरेनीज पर्वत इथे अक्षरशः समुद्रात उतरतो. त्या उतारावर उत्तरेकडून दक्षिणेकडे चार गावं आहेत: कोलिऊर, पोर-वाँद्र, बान्यूल्स आणि सेर्बेर. सेर्बेर ओलांडलं की स्पेन. किनाऱ्याच्या या पट्ट्याला ‘कोत व्हेर्मेय’, म्हणजे शेंदरी किनारा म्हणतात. संध्याकाळचं ऊन खडकांवर पडलं की नाव पटतं.

हा मुलूख १६५९च्या तहानंतर फ्रान्सकडे आला. त्याआधी तो स्पेनच्या बाजूला होता आणि मनाने अजूनही कातालान, म्हणजे बार्सेलोनाकडच्या भाषा-संस्कृतीचा आहे. रस्त्यांच्या पाट्यांवर दोन भाषा दिसतात, पिवळ्या-लाल पट्ट्यांचे झेंडे दिसतात, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी लोक हात धरून, गोल करून सार्दाना नाचतात. नाच दिसायला सोपा वाटतो. मी एकदा घुसले होते. शेजारच्या आजी तोंडाने पावलं मोजत होत्या आणि मी त्यांची मोजणी चुकवत होते.

उच्चार कसा करायचा?

‘बान्यूल्स’. फ्रेंचमध्ये शेवटचं अक्षर गिळायची सवय लागलेली असते, पण इथे शेवटचा ‘स’ म्हणायचा.

पोहोचायचं कसं?

पॅरिसहून जलद गाडीने पेर्पिन्याँ साधारण पाच तास, तिथून किनाऱ्याची छोटी गाडी साधारण पाऊण तास. बार्सेलोनाहून येणार असाल तर आणखी सोपं: पेर्पिन्याँ सुमारे दीड तासावर आहे. पेर्पिन्याँहून निघालात की समुद्राच्या बाजूची, म्हणजे डावीकडची खिडकी पकडा. कोलिऊरनंतर बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र असं चालू होतं. आपल्या कोकण रेल्वेची आठवण येते, फक्त हिरवळ वजा करायची.

स्टेशनवरून समुद्रापर्यंत उतार आहे, पंधरा मिनिटं पुरतात. परतताना तोच चढ असतो, हे बॅग भरताना लक्षात ठेवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर एक गोष्ट: फ्रान्समध्ये रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमच्या वर अल्कोहोल चालत नाही आणि बान्यूल्सची वाइन साध्या वाइनपेक्षा कडक असते. चव घ्यायला जाताना चालत जा, नाहीतर एकाला उपास घडवा.

कधी जावं?

मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही आणि खोल्यांचे भाव चढतात. सप्टेंबरमध्ये पाणी उबदार असतं आणि द्राक्षतोडणी चालू असते. ऑक्टोबरच्या मध्याला तोडणीचा उत्सव होतो, तेव्हा अख्खं गाव किनाऱ्यावर चुली मांडून बसतं.

वाऱ्याबद्दल मात्र कुणी सांगत नाही. इथे ‘त्रामोंतान’ नावाचा वायव्येकडचा वारा आहे. तो सुटला की दोन-तीन दिवस थांबत नाही, टोपी-छत्री सोडाच, खुर्च्याही उडतात. आकाश मात्र तेव्हाच सर्वांत निळं असतं. हा वारा किनाऱ्याचं गरम पाणी आत ढकलतो, त्यामुळे काल कोमट असलेला समुद्र आज गारठलेला निघतो. द्राक्षवाल्यांना हा वारा आवडतो. पानं कोरडी राहतात, बुरशी धरत नाही.

इथली वाइन वेगळी म्हणजे काय?

ती गोड असते, पण साखर घालून केलेली नसते.

द्राक्षाचा रस आंबायला लागला की यीस्ट त्यातली साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. साखर संपेपर्यंत खाऊ दिलं तर वाइन कोरडी, म्हणजे बिनगोड होते. बान्यूल्समध्ये अर्ध्या वाटेवरच ९६ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्टला ते झेपत नाही, काम थांबतं आणि द्राक्षाची स्वतःची साखर तशीच उरते. या क्रियेला ‘म्यूताज’ म्हणतात. ती तेराव्या शतकाच्या अखेरीस आर्नो द व्हिलनव्ह या वैद्याने शोधली असं सांगतात. पोर्तुगालची पोर्टही याच मार्गाने बनते, त्यामुळे गोव्याची पोर्ट वाइन चाखलेल्यांना पहिला घोट ओळखीचा वाटेल. दुसरा वाटणार नाही.

कारण खरा फरक पडतो तो नंतर ठेवण्यात. एक प्रकार ‘रिमाज’: हवा लागू न देता लवकर बाटलीत भरतात, त्यात ताज्या चेरीचा, काळ्या बेरींचा वास राहतो. दुसरा जुन्या पद्धतीचा. तो वर्षानुवर्षं लाकडी पिंपात, किंवा चक्क उन्हात ठेवलेल्या काचेच्या मोठ्या बुधल्यांत मुरतो. दिवसा तापतो, रात्री निवतो. आपल्याकडे छुंदा उन्हात ठेवतात ना, तसंच. लाल रंग विटत विटत तांबूस-तपकिरी होतो आणि वास येतो सुक्या अंजिराचा, काळ्या मनुकांचा, अक्रोडाचा, भाजलेल्या कॉफीचा. ‘बान्यूल्स ग्रां क्र्यू’ असं लिहायचं असेल तर किमान ७५ टक्के काळं ग्रेनाश द्राक्ष आणि लाकडात ३० महिने, असा नियम आहे.

बान्यूल्सला १९३६ साली नामांकनाचं संरक्षण मिळालं, म्हणजे इथल्या, ठरलेल्या रीतीने केलेल्या वाइनलाच हे नाव लावता येतं. नामांकनाची पद्धत फ्रान्समध्ये सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या फळीतलं हे नाव. त्याच उतारांवरच्या कोरड्या वाइनला ‘कोलिऊर’ हे नाव आहे, तिच्या लाल प्रकाराला १९७१ साली मान्यता मिळाली. आज गोड वाइन पिणारे कमी झालेत, म्हणून शेतकरी कोरडीकडे वळलेत. कोलिऊरची लाल वाइन चांगलीच असते. पण तशी चांगली लाल वाइन इतर शंभर ठिकाणी मिळते. उन्हातल्या बुधल्यात मुरलेली बान्यूल्स मिळत नाही. इथवर आलात तर तीच मागा.

चॉकलेटबरोबर घ्यायला सांगतील. ऐका त्यांचं. बहुतेक वाइनी चॉकलेटपुढे आंबट लागतात, ही लागत नाही.

एकच दिवस असेल तर काय करावं?

समुद्राकडे पाठ करून डोंगरावर जा.

मला माहीत आहे, किनाऱ्याच्या गावाबद्दल हे विचित्र वाटतं. पण गावातला मुख्य किनारा म्हणजे करड्या रंगाची जाड वाळू आणि गोटे. गोव्यातून येणाऱ्याला त्यात नवल नाही. नवल आहे ते पाठीमागे. गावापासून वीस मिनिटं वर चालत गेलात की चारही बाजूंनी पायऱ्या-पायऱ्यांची द्राक्षशेती दिसते, आणि प्रत्येक पायरीला दगडी गडगा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. चारही गावांचे गडगे एका रेषेत ठेवले तर सहा हजार किलोमीटर भरतील असं इथले लोक सांगतात.

निफाडचे माझे काका आले होते, त्यांना मी आधी इथेच नेलं. द्राक्षबागायतदार माणूस, समुद्र बघून पाच मिनिटांत कंटाळला होता. वर गेल्यावर गप्पच झाला. मग एकदम प्रश्न: “मांडव कुठंय? ठिबक कुठंय? माती कुठंय?”

तिन्ही नाहीत. वेली गुडघाभर उंचीच्या, झुडपासारख्या, एकेकट्या उभ्या. तारा नाहीत, मांडव नाही. जुन्या बागांना पाणी पावसाचंच. आणि माती म्हणजे शिस्ट नावाचा तपकिरी, पापुद्र्यांचा खडक. काकांनी एक तुकडा उचलून दोन बोटांत दाबला तर त्याचे पानं सुटावीत तसे पदर सुटले. या पदरांमधून वेलीची मुळं खोल जातात आणि तिथला ओलावा शोधतात. हेक्टरी उतारा आपल्या मानाने हास्यास्पद. काकांनी आकडा ऐकून “मग खातात काय हे?” असं विचारलं, आणि तो प्रश्न इथले तरुण शेतकरीही विचारतात.

नीट पाहिलंत तर उतारावर दगडाने बांधलेल्या चऱ्या दिसतील, वरून दोन-दोन येऊन खाली एकीला मिळणाऱ्या. त्यांना कातालानमध्ये ‘पेऊ दे गाल’ म्हणतात, म्हणजे कोंबड्याचा पाय. शरद ऋतूत इथे पाऊस एकदम कोसळतो. या चऱ्या नसतील तर माती समुद्रात जाईल. बहुतेक उतारांवर ट्रॅक्टर चढत नाही. तोडणी हाताने, घड भरलेली ओझी माणसांच्या पाठीवर, काही ठिकाणी अजून खेचर.

ज्या पायऱ्या सोडून दिल्यात त्याही दिसतील: गडगा ढासळलेला, वर काटेरी झुडपं. २०२३च्या एप्रिलमध्ये सेर्बेर-बान्यूल्सच्या डोंगरांवर मोठा वणवा लागला, हजारभर हेक्टर जळालं. कसलेल्या बागांपाशी आग मंदावते, पडीक पायऱ्यांवरून ती धावते. त्यामुळे कुणी बाग सोडली की शेजाऱ्याला काळजी लागते.

चव घ्यायला तळघरात गेलो तर बाटली घ्यावीच लागते का?

सक्ती नसते. छोट्या शेतकऱ्याने अर्धा तास देऊन पाच प्रकार पाजले तर एक बाटली घेणं हे रीतीला धरून. १५-२० युरोंत चांगली मिळते. आत शिरताना ‘बाँझूर’ म्हणायचंच. त्याशिवाय बोलायला सुरुवात केलीत तर इथे तुम्ही उद्धट ठरता.

थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात थुंकणं शिष्टपणाचं आहे. आपल्या लोकांना याचा फार संकोच वाटतो. माझ्या नणंदेने संकोचापायी सहाही पेले संपवले आणि दुपार हॉटेलात काढली.

गावात मोठी सहकारी तळघरंही आहेत. शेतकरी माल घालतात, सोसायटी वाइन बनवून विकते, सभासदांच्या बैठकीत भांडणं होतात. साखर कारखान्याच्या मुलखातून आलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही पीत नाही. मग जाण्यात अर्थ आहे का?

आहे. गडगे पाहायला पेला लागत नाही. बान्यूल्सचा व्हिनेगर घरी न्या, तो सॅलडवर उत्तम लागतो. मुलं असतील तर मत्स्यालय आहे. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला आँरी द लाकाझ-द्यूतिए या प्राणिशास्त्रज्ञाने इथे सागरी संशोधनाची प्रयोगशाळा काढली, ती आजही सोर्बोन विद्यापीठाची म्हणून चालू आहे आणि मत्स्यालय तिचंच आहे.

पोहायला कुठे जावं?

बान्यूल्स आणि सेर्बेरच्या मध्ये पेरफित नावाची छोटी खाडी आहे. तिथे उन्हाळ्यात पाण्याखालची पायवाट असते: तरंगते बोये, त्यांच्याखाली माहितीच्या पाट्या, आणि मास्क लावून एकेक टप्पा पाहत जायचं. हा सगळा भाग १९७४पासून राखीव आहे, ६५० हेक्टर, आणि पूर्णपणे समुद्रातलं असं हे फ्रान्समधलं पहिलं राखीव क्षेत्र. भाल्याने मासे मारायला बंदी. परिणाम असा की मोठाले हेकरू मासे परतले आहेत आणि माणसाला घाबरत नाहीत. मी पाहिलेला माझ्या लेकीएवढा होता, आणि दोघीतिघी आम्ही त्याला बघत होतो त्यापेक्षा जास्त तो आम्हाला.

पायात रबरी चपला घाला. खडकांवर समुद्री साळी असतात, काटे पायात मोडतात.

पुतळेवाला माणूस इथलाच का?

हो, आरिस्तीद मायोल. जन्म १८६१, बान्यूल्समध्येच. भरदार, शांत बसलेल्या स्त्रियांची शिल्पं करणारा. गावापासून चारेक किलोमीटरवर त्याचं शेतघर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. आवारात त्याची समाधी, आणि तिच्यावर त्याचंच ‘भूमध्य’ नावाचं शिल्प: गुडघा वर घेऊन, डोकं हातावर टेकवून विचारात बसलेली बाई. संग्रहालय लहान आहे, तासाभरात होतं. मला पॅरिसच्या मोठ्या दालनातल्या त्याच्या शिल्पांपेक्षा ही एकटी बाई जास्त लक्षात राहिली.

डोंगरावरून स्पेनला चालत जाता येतं म्हणे?

येतं, आणि पाय शाबूत असतील तर जाच. सप्टेंबर १९४०मध्ये जर्मन ज्यू विचारवंत वॉल्टर बेंजामिन नाझींपासून पळताना याच वाटेने गेला. लिसा फिट्को नावाची तरुणी वाट दाखवत होती. ती वाट तिला बान्यूल्सच्या महापौरांनी, आझेमा यांनी, समजावून सांगितली होती. त्यांनी तिला दिलेला सल्ला असा की पहाटे द्राक्षमळ्यात कामाला जाणाऱ्या मजुरांत मिसळून निघायचं. बेंजामिनचं हृदय कमजोर होतं. तो दहा मिनिटं चालायचा आणि एक मिनिट थांबायचा, घड्याळ लावून. हातात एक जड काळी बॅग होती, तिच्यातलं हस्तलिखित त्याला जिवापेक्षा मोलाचं होतं. पलीकडे पोर्तबोऊला पोहोचल्यावर स्पॅनिश पोलिसांनी परत पाठवायची भाषा केली, आणि त्या रात्री तो गेला. त्याने स्वतःच जीवन संपवलं असं मानलं जातं. बॅग पुढे कधी सापडली नाही.

वाट आज खुणा लावलेली आहे. पाच-सहा तास लागतात, सावली जवळजवळ नाही, पाणी माणशी दोन लिटर घ्या. पोर्तबोऊच्या दफनभूमीपाशी दानी काराव्हानने केलेलं स्मारक आहे: जमिनीतून थेट समुद्राकडे उतरणारा लोखंडी जिना. परत यायला रेल्वे आहे. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पण पासपोर्ट जवळ ठेवा. सीमेवरच्या गाड्यांत तपासणी होते.

शाकाहारी माणसाने काय खायचं?

‘एस्कालिवाद’ मागा. वांगी आणि ढोबळी मिरची निखाऱ्यावर भाजून, सोलून, लांब पट्ट्या करून ऑलिव्ह तेलात. भरताचं चुलत भावंड, फोडणी विसरलेलं. पण त्यावर न विचारता अँचोव्ही मासे ठेवतात, म्हणून ‘साँ जाँश्वा’ हे दोन शब्द पाठ करा. टोमॅटो चोळलेला पाव सगळीकडे मिळतो. गोडात क्रेमा कातालाना, अंडं चालत असेल तर.

मासे खाणाऱ्यांनी उलट तेच मागावं. कोलिऊरची खारवलेली अँचोव्ही फ्रान्सभर प्रसिद्ध आहे. आपली मांदेली त्याच कुळातली. पण इथे ती कुरकुरीत तळत नाहीत, महिनोन्‌महिने मिठात मुरवतात. पहिला तुकडा भाकरीशिवाय फार खारट लागतो.

कोलिऊर की बान्यूल्स?

फोटो हवे असतील तर कोलिऊर. १९०५च्या उन्हाळ्यात मातीस आणि दरँ हे चित्रकार तिथे राहिले, भडक रंगांत चित्रं काढली आणि त्याच वर्षी पॅरिसच्या टीकाकाराकडून ‘फोव्ह’, म्हणजे रानटी जनावरं, हे नाव मिळवलं. पाण्यात पाय सोडून बसलेला चर्चचा मनोरा आणि किल्ला खरंच सुंदर आहेत. स्पॅनिश कवी आंतोनियो माचादो १९३९च्या जानेवारीच्या अखेरीस यादवी युद्धातून पळून तिथे आला आणि महिन्याभरातच वारला. त्याच्या थडग्यापाशी टपालपेटी आहे आणि लोक अजून पत्रं टाकतात. गाडीने काही मिनिटांचं अंतर आहे, सकाळी लवकर जा आणि अकराच्या गर्दीआधी निघा. मुक्काम बान्यूल्सलाच करा. तिथे दुकानात जाणारी माणसं अजून तिथलीच आहेत.

आई-बाबांना झेपेल का?

किनाऱ्यालगतचा फेरफटका सपाट आहे, बाकं भरपूर. डोंगरासाठी गाडी करा. अरुंद रस्ता मादलॉकच्या बुरुजाकडे, साडेसहाशे मीटर उंचीकडे जातो आणि वाटेत थांबून पायऱ्यांची शेती बघता येते. माझ्या आईने गाडीत बसूनच सगळं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “इतके दगड वेचले कुणी गं?”

बाटल्या भारतात नेता येतात का?

माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या निर्धास्त. हातातल्या बॅगेत चालत नाहीत, चेक-इनच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवा. रिमाज घेतलीत तर उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा. पिंपात मुरलेली मात्र आधीच हवा खाऊन बसलेली असते, उघडी बाटली काही आठवडे टिकते. काकांची पुढच्या दिवाळीपर्यंत पुरली. रोज एक झाकण, जेवणानंतर, आणि आलेल्या प्रत्येकाला खडकाचा तो तुकडा दाखवून.